खच्ची

माझं मेडिकलचं दुकान आहे कोल्हापुरात, एका मोठ्या दवाखान्याजवळ, कुठल्या ते सांगत नाही. बारा-तेरा वर्षं काऊंटरमागं उभं राहून एक शिकलोय, गिऱ्हाईक काय घेतं त्यापेक्षा ते कसं घेतं ते बघायचं. मोठ्या माणसांचे डायपर न्यायला पुरुष माणूस येतो तो रात्री साडेनऊनंतर, शटर अर्धं खाली आलं की. आधी उगाच एक तापाच्या गोळ्यांची पट्टी मागणार, मग दुकानात आणि कोण हाय का बघणार, मग आवाज खाली आणून "ते... मोठ्यांचं असतंय बघा... आमच्या म्हाताऱ्यासाठी". म्हातारा म्हणजे तो स्वतःच असतो, हे मला कळलेलं असतं आणि मला कळलंय हे त्यालाही कळलेलं असतं, तरी दोघं म्हाताऱ्याचीच चौकशी करत बसतो. मी पेपरात गुंडाळून काळ्या पिशवीत घालून देतो. सॅनिटरी पॅड आता पोरी पिशवी न मागता सरळ हातात घेऊन जातात, हे मात्र अजून काळ्या पिशवीतनंच जातंय.

यातले बरेचजण प्रोस्टेटच्या, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या कॅन्सरचे, काही मूत्राशयाच्या. किडनी, अंडकोष, लिंग यांचे कॅन्सर पण याच खात्यात येतात, युरोलॉजीत. थोडक्यात जिथला आजार झाला तर माणूस घरात पण नाव घेत नाही त्या सगळ्या जागा. आणि माझं म्हणणं असं आहे की या आजारात गरिबाला आणि पैसेवाल्याला मिळणाऱ्या ऑपरेशनमधला फरक सरकारी योजनेनं, म्हणजे ऑपरेशनचा खर्च भागवणाऱ्या महात्मा फुले जनआरोग्यनं, बराच कमी केला, पण ऑपरेशनच्या आधी आणि नंतर तुमच्याशी कोण बोलतं, किती बोलतं, कुठल्या भाषेत बोलतं, हा फरक होता तिथंच आहे, आणि तो कुणी मोजतच नाही त्यामुळे तो आहे असं कुणाला वाटतही नाही.

आमच्या तात्यांचं सांगतो. माझे चुलते, शाहूवाडी तालुक्यातलं गाव. तरुणपणी गंगावेशला तालमीत दोन-तीन वर्षं राहिलेले, खासबागेत एक कुस्ती पण धरलेली, ती जिंकली की बरोबरीत सुटली हे ज्या त्या वर्षी बदलायचं. सत्तरी ओलांडल्यावर कंबर धरली, गावातल्या डॉक्टरनं सहा महिने वाताच्या गोळ्या दिल्या, मग लघवी अडकली तेव्हा नळी घालायला इकडं आणलं आणि कळलं की प्रोस्टेटचा कॅन्सर आहे, हाडात उतरलाय. योजनेत बसवलं. डॉक्टर म्हणाले, "काका, गाठीला खतपाणी घालणारा हार्मोन बंद करायचाय, छोटं ऑपरेशन आहे, दोन दिवसात घरी." यात एक अक्षर खोटं नव्हतं. चुलतभावानं सही केली, तात्यांचा अंगठा घेतला. दोन्ही अंडकोष काढलेत हे तात्यांना कळलं ते तिसऱ्या दिवशी ड्रेसिंग करताना, स्वतःच्या डोळ्यांनी. चुलतभावाला माहीत होतं, पण बापाला हे कसं सांगायचं म्हणून त्यानं डॉक्टरवर ढकललं आणि डॉक्टरांना वाटलं पोरानं सांगितलं असणार. मला पण माहीत होतं. मीही बोललो नव्हतो.

तात्या चिडले नाहीत, तेच वाईट झालं. आठ दिवसांनी गावी गेलो तर सोप्यात बसले होते. म्हणाले, "बैलाला खच्ची करत्यात ते नांगराला जुंपायला. मला कशाला केलं रं?"

आपण पेपरात रोज वाचतो, कार्यकर्त्यांचं खच्चीकरण, अमक्या समाजाचं मानसिक खच्चीकरण. हा शब्द गोठ्यातनं आलाय हे शहरातली पोरं विसरून गेलीत. तात्यांनी स्वतः बैल धरलेले आहेत, त्यांच्यासाठी हा काय अलंकारिक शब्द नाही.

आता इथं एक स्पष्ट करतो नाहीतर लोक म्हणतील मेडिकलवाला डॉक्टरांच्या विरोधात लिहितोय. ऑपरेशन चुकीचं नव्हतं. प्रोस्टेटचा कॅन्सर पुरुषी हार्मोनवर पोसतो, तो हार्मोन बंद केला की गाठ आक्रसते, हे चार्ल्स हगिन्स यांनी शिकागोत १९४१ साली दाखवलं आणि त्यासाठी त्यांना १९६६ ला नोबेल मिळालं. तात्यांची कंबर चार-पाच दिवसांत हलकी झाली हे मी बघितलंय, जे सहा महिन्यांच्या गोळ्यांनी झालं नव्हतं. १९८० च्या दशकात याला पर्याय म्हणून इंजेक्शनं आली, महिन्याला किंवा तीन महिन्यांना एक, काम तेच, अंडकोष जागेवर राहतात आणि नको वाटलं तर थांबवता येतं. ज्या देशात आणि ज्या घरात परवडलं तिथं बहुतेकांनी इंजेक्शन घेतलं. आपल्याकडं शाहूवाडीच्या म्हाताऱ्याला दर तीन महिन्यांनी एसटीनं यायचं, सोबत येणाऱ्याची मजुरी बुडणार, इंजेक्शन योजनेत मिळालं तर मिळालं नाहीतर बाहेरनं हजारांत घ्यायचं, आणि हे जिवंत असेपर्यंत. मग डॉक्टर एकदाच काय ते करून मोकळं करतात, आणि खरं सांगू का, त्यांच्या जागी मी असतो तर मी पण तेच केलं असतं.

पण त्यातही एक मधला रस्ता असतो जो मला नंतर वाचून कळला. अंडकोषाच्या आतला गर काढायचा आणि वरचं कवच ठेवायचं, अशी पण पद्धत आहे, जुनीच आहे. हार्मोन तसाच उतरतो आणि पिशवी अगदी रिकामी दिसत नाही. खर्चात फार फरक पडायचं कारण नाही. तात्यांना हे विचारलं असतं तर ते काय म्हणाले असते मला माहीत नाही, कदाचित म्हणाले असते काय करायचंय आता या वयात, टाका काढून. पण ते त्यांनी म्हणायचं होतं. पैसेवाल्या पेशंटला केबिनमधे अर्धा तास बसवून दोन्ही-तिन्ही पर्याय सांगतात, बायकोला पण बोलवतात, वर "विचार करून पुढच्या आठवड्यात सांगा" म्हणतात. त्या आठवड्यातच मन अर्धं तयार होतं. आमच्या तात्यांना तो आठवडा कुणी दिला नाही, आणि देण्यात पैसा लागत नव्हता.

बरं, मन खचतं ते फक्त वाईट वाटून नाही. हार्मोन एकदम खाली गेला की अंगातनं गरम वाफा येतात, रात्री घामानं अंथरूण भिजतं, स्नायू उतरतात, वजन वाढतं, कशात रस राहत नाही, झोप मोडते, आणि डिप्रेशनची शक्यता वाढते. बायकांना पाळी जाताना जे होतं तेच हे. ज्याला आयुष्यभर लंगोटाचा सच्चा म्हणून मान दिला त्याला छाती जड झाल्यासारखी वाटते आणि उगाच रडू येतं, तर तो काय समजणार? त्याला वाटणार आपण बाई झालो. कुणीतरी फक्त एवढं सांगायला पाहिजे की आण्णा हे औषधाचं आहे, तुमच्यात काही कमी झालेलं नाही, आणि यावर गोळी आहे. खरंच आहे. व्हेनलाफॅक्सिन नावाची डिप्रेशनची साधी गोळी त्या वाफांवर पण चालते. ती गोळी माझ्या कपाटात पडून असते. या पेशंटच्या चिठ्ठीवर मी ती फारच कमी वेळा बघितलीय.

चिठ्ठीवर काय असतं? बी कॉम्प्लेक्स, आणि झोपेची गोळी. त्या झोपेच्या गोळीची, अल्प्राझोलामची, नोंद आम्हाला एच-वन रजिस्टरमधे, म्हणजे ठराविक औषधांच्या सक्तीच्या नोंदवहीत, करायला लागते म्हणून मला त्याचा हिशोब नीट माहीत आहे. गरीब पेशंट डिप्रेशन हा शब्द वापरत नाही, तो म्हणतो झोप लागत नाही, अन्न गोड लागत नाही, जीव उडाल्यागत होतंय, घोर लागून राहिलाय. ओपीडीत शंभर पेशंट बाहेर उभे असताना यातलं "झोप लागत नाही" एवढंच ऐकू जातं. मराठी बोलणारा पेशंट आणि मराठी बोलणारा डॉक्टर असून हे होतं, तर इचलकरंजीच्या यंत्रमागावर काम करणारा बिहारचा माणूस किंवा ऊसतोडणीला आलेला बीडचा माणूस, ज्याचा कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की मुक्काम हलणार, त्याचं काय होत असेल.

मूत्राशयाचं तर आणखी वेगळं. लघवीतनं रक्त जातं पण दुखत नाही, म्हणून माणूस थांबतो, दोन महिन्यांनी परत जातं, परत थांबतो. सगळ्यात मोठं कारण विडी-सिगरेट. दुसरं, रंगातली काही रसायनं, हे तर १८९५ पासून माहीत आहे, जर्मनीत लुडविग रेन नावाच्या सर्जननं रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांमधे पहिल्यांदा टिपलं होतं. म्हणजे हा आजार सुरुवातीपासूनच कामगाराचा म्हणून ओळखला गेलेला आहे. वाढलेला असला तर मूत्राशय काढून आतड्याच्या तुकड्यातनं पोटावर वाट करतात आणि तिथं कायमची पिशवी लागते. ऑपरेशन योजनेत होतं. पिशवी चार-पाच दिवसांनी बदलायची असते, एकेकीला काहीशे रुपये, ती विकत. मग काय करतात, तीच धुऊन, चिकटपट्टी लावून दहा-बारा दिवस ओढतात, कडेनं गळतं, वास येतो, कातडी सोलते, आणि माणूस एसटीत बसायचं बंद करतो, लग्नाला जायचं बंद करतो, देवळात जायचं बंद करतो. एका बाईनं मला सांगितलं, "ह्यांनी वारी सोडली, पण कुणाला कारण सांगितलं न्हाई, लोकं म्हणत्यात म्हातारा नास्तिक झाला." या माणसाला कौन्सेलर द्यायचा की पिशव्या? दोन्ही, पण आधी पिशव्या. मानसिक आरोग्य म्हटलं की आपल्याला लगेच सोफ्यावर बसून बोलणं दिसतं. या लोकांचं मानसिक आरोग्य अर्धं तर त्या पिशवीत आहे.

लिंगाच्या कॅन्सरबद्दल लिहायला मलाही अवघड वाटतंय, तुम्हाला वाचायला वाटत असेल. पाश्चात्त्य देशांच्या मानानं आपल्याकडं जास्त आढळतो, आणि गरिबांत जास्त. जखम दिसत असते, तरी वर्षभर माणूस कुणाला दाखवत नाही, आधी जातो तो एसटी स्टँडच्या मागच्या भिंतीवर रंगवलेल्या गुप्तरोगवाल्याकडं. तिथं पाच-दहा हजार घालवून इकडं येतो तेव्हा कापण्याशिवाय पर्याय राहिलेला नसतो. अंडकोषाचा कॅन्सर त्याच्या उलट, पंधरा ते पस्तीस-चाळीसच्या पोरांना होतो आणि लवकर आला तर नव्वद टक्क्यांच्या वर बरे होतात, इतकी चांगली बातमी कॅन्सरमधे क्वचित असते. पण केमोच्या आधी वीर्य साठवून ठेवता येतं हे पोराला कुणी सांगितलं का? सांगितलं नाही तर तो बरा होतो आणि पाच वर्षांनी बायकोच्या तपासण्या सुरू होतात. बायकांना पण मूत्राशयाचा आणि किडनीचा कॅन्सर होतो बरं का, आणि त्यांचं रक्त तर "पाळीचं असेल", "युरिन इन्फेक्शन असेल" म्हणून आणखी महिने जातात. आणि पुरुष पेशंटची नळी, पिशवी, डायपर, अंथरूण कोण करतं? तीच. तिची झोप उडाल्याची चिठ्ठी तर कधी येतच नाही.

२०१२ साली स्वीडनचा एक मोठा अभ्यास छापून आला होता, साठ लाखांच्या वर लोकांच्या नोंदी तपासून. कॅन्सर झालाय हे कळल्यावर पहिल्या आठवड्यात आत्महत्येचा धोका कॅन्सर नसलेल्या माणसापेक्षा साधारण बारापट निघाला, पुढं तो कमी होत जातो, पण पहिलं वर्ष सगळं धरलं तरी तिप्पट निघतो. हा स्वीडनचा आकडा आहे, आपल्याला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण तो पहिला आठवडा लक्षात ठेवा. त्या आठवड्यात आपला माणूस काय करत असतो? रेशनकार्डावर "पांडुरंग" आहे आणि आधारवर "पांडूरंग" आहे ते जुळवत फिरत असतो. तलाठी, झेरॉक्स, योजनेची खिडकी, परत तलाठी. सगळ्यात नाजूक आठवडा आपण त्याला कागदासाठी पळवतो.

आणि आपल्याकडचा आकडा हवाच असेल तर २०१५-१६ चं राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण आहे, बारा राज्यांत झालं, महाराष्ट्र त्यात नव्हता. डिप्रेशनसारखे आजार असलेल्यांपैकी ऐंशी टक्क्यांहून जास्त लोकांना उपचार मिळत नाहीत असं निघालं. ही साध्या लोकांची गत, वर कॅन्सर आणि गरिबी लावा. अमेरिकेत सुद्धा काळ्या पुरुषांना प्रोस्टेटचा कॅन्सर गोऱ्यांपेक्षा जास्त होतो आणि मृत्यूचं प्रमाण तर जवळजवळ दुप्पट, म्हणजे पैसा असलेल्या देशात पण ही दरी आपोआप भरत नाही.

मी हे बोलायला लागलो की दोन उत्तरं मिळतात. एक, आधी जीव वाचवू द्या, मनाचं मग बघू. हे ऐकायला एकदम बरोबर वाटतं. पण मन खचलेला पेशंट उपचाराला परत येतच नाही. २००० साली आधीचे बरेच अभ्यास एकत्र करून बघितले होते तर डिप्रेशन असलेले पेशंट उपचार नीट न पाळण्याची शक्यता तिप्पट निघाली. तात्या पहिल्या तपासणीनंतर बरेच दिवस गेलेच नाहीत, "बघू पुढच्या महिन्यात" म्हणत गेले. जीव वाचवायचाच असेल तर आधी तो माणूस परत यायला पाहिजे.

दुसरं उत्तर जास्त गोड आहे आणि त्याचा मला जास्त राग येतो. "आपली माणसं कणखर असतात ओ, त्यांना भजन आहे, भावकी आहे, हे डिप्रेशन वगैरे शहरातलं." मान्य, भजनाचा आधार असतो, माझ्या आईला पण आहे. पण पिशवी गळते म्हणून ज्यानं भजनाला जायचं बंद केलंय त्याला भजन आधार कसा देणार? आणि भावकीपासनं तर तो लपवतोय. कणखर आहे म्हणून विचारायचं नाही, आणि विचारत नाही म्हणून तो बोलत नाही, आणि बोलत नाही म्हणून कणखर. असलं गोल गोल कुणाच्या सोयीचं आहे ते तुम्हीच बघा.

करायचं काय, तर नवी इमारत नको, उद्घाटन नको, आणि कृपा करून कॅन्सर शिबिरात पॉझिटिव्ह राहा म्हणून भाषण देणारा पाहुणा पण नको. ही योजना २०१२ ला जीवनदायी म्हणून सुरू झाली, २०१७ पासून महात्मा फुले जनआरोग्य झाली, कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं संरक्षण होतं ते आता पाच लाख झालंय. ॲडमिट होण्याभोवती तिची सगळी रचना. ऑपरेशनला पैसे, बेडला पैसे. या अवयवांच्या ऑपरेशनच्या पॅकेजमधेच आधीचं एक बोलणं आणि नंतरची दोन बोलणी घाला, त्याचा कागद जोडल्याशिवाय दवाखान्याचं बिल पास करू नका, आणि मूत्राशय काढलेल्याला पिशव्या वर्षभर द्या. दवाखाने कागदाला घाबरतात, एवढं एक हत्यार आपल्याकडं आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा कलम २१ मधे म्हणतोच की मनाच्या आजाराला शरीराच्या आजाराच्या बरोबरीनं वागवायचं.

विचारणार कोण? न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग कॅन्सर सेंटरमधे नव्वदच्या दशकात एक साधा थर्मामीटर काढला होता, कागदावरचा, शून्य ते दहा, गेल्या आठवड्यात मनाला किती त्रास झाला त्यावर खूण करा. तो पहिल्यांदा वापरून बघितला तो प्रोस्टेटच्या पेशंटवर, कारण हेच की पुरुष तोंडानं बोलत नाहीत. डिप्रेशन, मानसिक असले शब्द मुद्दाम टाळले होते त्यात. आपण "घोर किती लागलाय, दहातला किती" एवढं विचारू शकतो, ब्रदर विचारेल, सिस्टर विचारेल, योजनेच्या खिडकीवरचा आरोग्यमित्र पण विचारेल, त्याला काय एमडी लागत नाही. चार-पाचच्या वर सांगितला तर पुढं पाठवा. सरकारी मोठ्या दवाखान्यात मानसोपचारची ओपीडी असतेच, पण तिकडं चिठ्ठी देऊन पाठवलं तर अर्धे वाटेतनंच घरी जातात, "मला काय येड लागलंय व्हय". म्हणून तिथला एक माणूस आठवड्यातनं दोनदा युरोलॉजीच्या ओपीडीत येऊन बसू दे. गावी गेल्यावर आशाताई आहेतच, तीस वर्षांवरच्या लोकांचा जो फॉर्म त्या भरतात त्यात मनाबद्दलचे दोन प्रश्न आहेत. कॅन्सर मात्र तीनच तपासतात, तोंडाचा, स्तनाचा, गर्भाशयाच्या तोंडाचा. प्रोस्टेटची सगळ्यांची सरसकट तपासणी करावी असं मी म्हणत नाही, त्यावर डॉक्टरांतच एकमत नाही, पण "लघवीतनं रक्त जातंय का" हे विचारायला काय लागतं.

आणि पेशंटनं पेशंटशी बोलणं. तात्यांना शेवटी थोडं बरं वाटलं ते माझ्यामुळं नाही की डॉक्टरमुळं नाही. मलकापूरच्या बाजारात त्यांना एक जुना पैलवान गडी भेटला, त्याचं पण हेच झालेलं, दोन वर्षांपूर्वी. दोघं चहाच्या गाड्यावर तासभर बसले. काय बोलले ते मला सांगितलं नाही, पण पुढच्या तपासणीला तात्या आले, त्या गड्याला बरोबर घेऊन, आणि कुस्ती त्या वर्षी जिंकलेली होती. असा योग बाजारात यायची वाट का बघायची, दवाखान्याकडं नंबर असतात की दोघांचे.

तोपर्यंत मी माझ्या दुकानात एवढंच केलंय की डायपर मागच्या कपाटातनं काढून पुढच्या रॅकला लावलेत, साईज आणि किंमत लिहून, म्हणजे मागायला लागत नाही, बोट दाखवलं की झालं. आणि काऊंटरच्या काचेवर टेलीमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या हेल्पलाइनचा, नंबर मोठ्या आकड्यात चिकटवलाय, १४४१६, सरकारी आहे, २०२२ च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. परवा एकजण बराच वेळ त्याच्याकडं बघत होता, म्हणाला, "हा काय मटक्याचा आकडा व्हय?" म्हटलं नाही मामा, जीवाला घोर लागला, झोप येईना झाली की लावायचा, नाव पण सांगायला लागत नाही. हसला, पिशवी घेऊन पायरी उतरला, मग परत वर आला आणि खिशातनं पेन काढून तंबाखूच्या पुडीवर नंबर लिहून घेतला. शेजारी एकजण आहे त्याला द्यायचाय, म्हणाला.